जुलैमध्ये सेंट किल्डाची पक्षी-बेटे शिडाच्या नौकेने पाहता येतील का?

स्कॉटलंडच्या सहलीत या बेटांसाठी दोन दिवस पुरतील का, असे तुम्ही विचारले आहे. जाता नक्की येते, पण किमान पाच दिवस हाताशी ठेवा. मी दोनदा गेले आणि त्यांपैकी एकदाच बेटावर पाय ठेवू शकले.

ही बेटे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आउटर हेब्रिडीज या द्वीपमालिकेच्याही पश्चिमेला सुमारे ६५ किलोमीटरवर, उघड्या अटलांटिकमध्ये आहेत. त्या मालिकेतल्या हॅरिसहून आम्हाला दहा तास लागले. मुख्य बेट हिर्टा. तिथला नेहमीचा आसरा म्हणजे व्हिलेज बे, पण तो आग्नेयेला उघडा असल्यामुळे तिकडून वारा सुटला की लाटा थेट आत शिरतात आणि नांगर उचलून निघावे लागते. किनाऱ्यावर डिंगीतून, म्हणजे नौकेसोबतच्या छोट्या होडीतून उतरतात. पहिल्या खेपेस धक्का हाकेच्या अंतरावर दिसत असूनही पाण्याचा चढउतार पाहून कप्तानाने आम्हाला उतरू दिले नाही. तेव्हा फार वाईट वाटले, पण त्यांचे बरोबर होते.

मात्र उतरता आले नाही तरी बोरेरे बेटाला वळसा घातल्याशिवाय परतू नका. त्याच्या शेजारी स्टॅक ली आणि १९६ मीटर उंचीचा स्टॅक अन आर्मिन हे सुळके समुद्रातून सरळ वर आले आहेत, आणि या परिसरात गॅनेट या मोठ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यांच्या सुमारे ६०,००० जोड्या घरटी करतात. दुरून खडक चुन्याने सारवल्यासारखा दिसतो, जवळ जाताच तो पांढरा रंग हलू लागतो, आणि मग आवाज व वास असा अंगावर येतो की माणसे बोलायची थांबतात. हिर्टाचे रहिवासी पक्षी आणि अंडी मिळवण्यासाठी याच सुळक्यांवर चढत असत. उरलेल्या ३६ जणांनी २९ ऑगस्ट १९३० रोजी बेट सोडले.

जुलै योग्यच आहे, कारण ऑगस्टमध्ये पफिन हे छोटे समुद्रपक्षी खुल्या समुद्रावर निघून जातात.

एक कळकळीची विनंती आहे. पफिन जमिनीतल्या बिळांत अंडी घालतात आणि बेटांवर घुशी नाहीत; सामानातून एखादी जरी तिथे पोहोचली तरी ती अंडी-पिल्ले खाईल, म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक पिशवी रिकामी करून तपासा आणि शिधा घट्ट झाकणाच्या डब्यांतच भरा.