मिनिमल रीमिक्स करू पाहणाऱ्या दोस्ताला

प्रिय दोस्ता,

तुझं रीमिक्स ऐकलं. गाणं छान निवडलंयस. पण मिनिमल म्हणजे एकच छोटा तुकडा फिरवत अगदी हळू बदल घडू देणं, आणि तुझ्याकडे दर आठ बारनंतर (एक बार म्हणजे चार बीट) नवा ड्रॉप, नवा फिल्टर, नवा सिंथ. मला तर हे नेहमीचंच रीमिक्स वाटलं, फक्त वाद्यं कमी केलेलं.

अमेरिकन मिनिमल संगीतकार स्टीव्ह राइशची १९६६ची 'कम आउट' ऐक. बोलण्यातला एक तुकडा, त्याचे दोन लूप (पुन्हापुन्हा फिरणाऱ्या प्रती), एक किंचित मागे पडत जाणारा. पुढे आवाज चार होतात, मग आठ. नवं काही येत नाही, तरी ऐकणारा खिळून राहतो.

तूही तसंच कर. टेम्पो १२० (मिनिटाला १२० बीट) असेल तर दोन बारचा तुकडा म्हणजे ४ सेकंद. त्याची प्रत १० मिलिसेकंदांनी छोटी कापून दोन्ही फिरव. सॉफ्टवेअरमधलं स्नॅप आणि वॉर्प (आवाज आपोआप तालाच्या रेघांवर, म्हणजे ग्रिडवर, बसवणाऱ्या सोयी) आधी बंद कर, नाहीतर सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे तुझी सगळी मेहनत ग्रिडवर आणून बसवेल. सुरुवातीला आवाज नुसता जाड होतो, मग प्रतिध्वनी वाटतो, आणि पन्नासेक सेकंदांनी पाव बीटचं अंतर पडलं की कुणीच न वाजवलेला ठेका ऐकू येतो. दोन्ही लूप पुन्हा जुळायला २६ मिनिटं ३६ सेकंद लागतील. एवढा धीर नसेल तर फरक ४० मिलिसेकंदांचा ठेव. साडेसहा मिनिटांत काम होतं, पण ती जाड होण्याची मजा जवळजवळ हातची जाते.

खरी परीक्षा तुकडा निवडण्यात आहे. हुक, म्हणजे गाण्याची सगळ्यांच्या तोंडी बसलेली ओळ, घेऊ नकोस. तो ऐकणाऱ्याला पाठ असतो आणि ऐकणारा मनात पुढचं गात सुटतो. दोन ओळींमधला श्वास घे, क-ट-त असलेला एखादा शब्द घे. व्यंजनं तालवाद्याचं काम करतात. नुसता लांबवलेला स्वर लगेच लगदा होतो. बेस मात्र एकाच प्रतीत ठेव. १० मिलिसेकंदांच्या अंतरावर दोन्ही प्रती मोनोत (एकाच चॅनलमध्ये) एकत्र आल्या की ५० हर्ट्झच्या आसपासचं सगळं एकमेकांना खाऊन टाकतं, आणि छोट्या स्पीकरवर गाणं पोकळ वाटतं.

लोकप्रिय गाण्यावर असले प्रयोग हलके समजणारे भेटतील. पण राइशसारखाच मिनिमल संगीतकार असलेल्या टेरी रायलीने साठच्या दशकातच फिलाडेल्फियातल्या एका डिस्कोसाठी हार्वी अ‍ॅव्हर्नचं सोल गाणं टेप लूपवर घालून वीस मिनिटांचं केलं होतं. उलट राइशने २०१२मध्ये रेडिओहेड या रॉक बँडच्या दोन गाण्यांवरून 'रेडिओ रीराइट' लिहिली, ती सॅम्पल न वापरता, वाजवणाऱ्यांसाठी. हक्कांची परवानगी मिळत नसेल तर तोही रस्ता बघ, पण चाल आणि शब्द ओळखू आले तर तिथेही परवानगी लागतेच.

पुढच्या वेळी पूर्ण ट्रॅक पाठवू नकोस. चार सेकंदांचे पाच वेगवेगळे तुकडे पाठव, इफेक्टशिवाय. त्यातला कुठला फिरवायचा ते आपण मिळून ऐकून ठरवू.

तुझा,
दादा