चांदीचं ड्रेसिंग पहिल्यांदाच वापरताय?

भावा, आधी घाबरू नकोस. वडिलांच्या पायाची जखम घरी बघायची म्हटलं की सगळ्यांचेच हात कापतात, माझेपण कापले होते.

चांदी म्हटलं की आपल्याला हुपरीचं पैंजण आठवतं, पण ड्रेसिंगमधली चांदी ओल लागली की आयन, म्हणजे चांदीचे विद्युतभार असलेले बारीक कण, सोडते आणि ते आयन जंतूंना मारतात, म्हणजे ओल नाही तर काम नाही, त्यामुळं कोरड्या खडखडीत जखमेवर ते लावून काय उपयोग नाही. सुरुवातीला एवढंच बघ:

- जखम धुवून, मेलेली कातडी नर्सकडनं काढून घेऊन मगच लाव. घाणीवर चांदी लावली तर पैसे पाण्यात.
- पाकिटावरची सूचना वाच. काही ड्रेसिंग सलाईननं (मिठाच्या पाण्यानं) भिजवायची नसतात, त्यातलं क्लोराइड चांदीला धरून ठेवतंय, तिथं निर्जंतुक पाणी लागतं.
- रोज उघडून बघू नकोस! काही ३ दिवस, काही ७ दिवस चालतात.

मी पहिल्यांदा पट्टी काढली तर खाली काळपट राखाडी डाग, मला वाटलं पाय सडला, रिक्षा करून दवाखान्यात पळालो, नर्सताई हसल्या, म्हणाल्या चांदीचा रंग आहे ओ. पण वास, पू, लाली वर सरकणं, ताप यातलं काय दिसलं तर मात्र लगेच दाखव, संसर्ग आत गेला की नुसत्या पट्टीनं भागत नाही.

आणि जंतू आटोक्यात आले की साधी पट्टी बास. २ आठवड्यांनी डॉक्टरांना विचारच. २००९ च्या ब्रिटनमधल्या वल्कन चाचणीत शिरांच्या त्रासानं पायाला झालेल्या जखमा चांदीनं काही लवकर भरल्या नव्हत्या. साखर किती आहे वडिलांची?