बातमीच्या एक पायरी मागे

ऐरोली, रविवार

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

घरच्या ग्रुपवर तू टाकलेला दिवाळीच्या रात्रीचा भारताचा फोटो मी बराच वेळ पाहत बसलो. नासाने टिपलेला म्हणून तो वर्षानुवर्षं फिरतोय. आता तो मोठा करून बघ. दिवे पांढरे, निळे, हिरवे, लाल, असे पट्ट्यापट्ट्यांनी दिसतील. शहरांचे दिवे वरून असे दिसत नाहीत, ते रंग मुद्दाम भरलेले आहेत. अमेरिकेतल्या नोआ या हवामान आणि समुद्र अभ्यासणाऱ्या सरकारी संस्थेच्या एका शास्त्रज्ञाने उपग्रहांच्या नोंदींवरून 2003 मध्ये हे चित्र बनवलं. 1992 पूर्वीपासून दिसणारे दिवे पांढरे, 1992 मध्ये नव्याने दिसलेले निळे, 1998 चे हिरवे, 2003 चे लाल. वस्ती कशी पसरत गेली, त्याचा हा नकाशा! नासाने 2012 मध्ये हे सगळं स्पष्ट केलं आणि त्या दिवाळीच्या सुमाराचा खरा फोटोही दिला. दिवाळीची रोषणाई त्यात वेगळी ओळखूसुद्धा येत नाही. मला तर मूळ गोष्टच जास्त आवडली.

नेटवर चांगलं विज्ञान कुठे वाचू, असं तू विचारलं होतंस. बातमी कुठेही वाच, पण वाचून झाली की एक पायरी मागे जा. बहुतेक बातम्या विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकावरून लिहिलेल्या असतात आणि त्या पत्रकाच्या मागे शोधनिबंध असतो. त्याचं नाव गूगल स्कॉलरवर टाक, पुष्कळदा फुकट प्रत मिळते. सगळा निबंध कळायला हवा असं नाही. गोषवारा वाच, मग प्रयोग कशावर केला ते बघ: पेशींवर, उंदरांवर की माणसांवर, आणि किती जणांवर. बातमीत नियतकालिकाचं नाव नाही, संशोधकाचं नाही, संस्थेचं नाही, तर ती तिथेच सोडून दे.

निबंध सापडला तरी तो तपासलेला आहे का, हे बघायचं राहतंच. हे मी पोळून शिकलो. जुलै 2023 मध्ये अर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या मोफत संकेतस्थळावर कोरियन संशोधकांचे निबंध आले: एलके-99 नावाचा पदार्थ साध्या तापमानाला, साध्या दाबाला अतिवाहक आहे, म्हणजे विजेला जराही रोध करत नाही म्हणे. शिसं, तांबं, फॉस्फेट. माझा जन्म रसायनांत गेला, मला राहवेना. जुन्या सहकाऱ्यांना मी त्याच रात्री कळवून टाकलं. अर्काइव्हवर निबंध येतो तो इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधी, हे मला माहीत होतं, तरीही. महिनाभरात जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ करून पाहिला. 104 अंश सेल्सिअसच्या आसपास रोध एकदम पडत होता, तो त्यात भेसळ म्हणून राहिलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत भेसळ नसलेले स्फटिक वाढवले, तर ते चक्क विद्युतरोधक निघाले. सहकाऱ्यांना मी पुन्हा पत्र लिहिलं. पण ते चार आठवडे मी इतकं वाचलं, जितकं नोकरीत वर्षभरात वाचलं नसेन. दावा आणि त्याची तपासणी दोन्ही डोळ्यांसमोर घडत होती, आणि सगळं फुकट वाचायला मिळत होतं.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं ‘रेझोनन्स’ हे इंग्रजी विज्ञान मासिक 1996 पासून निघतंय. जुने अंकही संकेतस्थळावर मोफत आहेत आणि ते तुझ्यासारख्या विद्यार्थ्यांसाठीच लिहिलेलं असतं. एखादा लेख अर्धाच कळला तरी चालेल, सहा महिन्यांनी परत उघड. मराठीत मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका वाच, मराठी शब्द तिथेच तोंडात बसतात. ऐकायचं असेल तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची (टीआयएफआर) ‘चाय अँड व्हाय’ची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत.

सुरुवात मात्र जवळच्या विषयाने कर. तुमच्या ठाण्याची आणि आमच्या ऐरोलीची खाडी एकच. तिथल्या फ्लेमिंगो अभयारण्याला 2022 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. फ्लेमिंगोंवर दर हिवाळ्यात बातम्या येतात. त्यातली एक निवड, तिचा मूळ अहवाल किंवा निबंध शोध, अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मार आणि पुढच्या रविवारी घेऊन ये. आधी वाचू, मग ओहोटी बघून खाडीवर जाऊ. दुर्बीण मी काढून ठेवतो.

तुझा,
मामा