६२५ची गोळी हरली आणि साधी डॉक्सी जिंकली, असं का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही कुडाळ तालुक्यातले. गणपती झाल्यावर मिस्टर गुरांसाठी गवत कापायला जात होते, आठ-दहा दिवसांनी थंडी वाजून ताप भरला, डोकं तर फुटेल असं दुखायचं. भावोजींच्या दाढेच्या वेळच्या ६२५च्या गोळ्या घरात उरल्या होत्या त्या चार दिवस दिल्या, काडीचा फरक नाही. शेवटी सरकारी दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला लावला, काखेत काळी खपली सापडली जिचा आम्हाला पत्ताच नव्हता, आणि डॉक्सी सुरू केली. दोन दिवसांत ताप गायब! महागडी गोळी हरली ती कशी?

उत्तर: आधी त्या बाईंना माझा नमस्कार सांगा, कारण तापाच्या पेशंटला शर्ट काढायला लावून काख-जांघ-कंबर बघणारे डॉक्टर कमीच. ती खपली विडीचा चटका बसल्यासारखी दिसते, दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट स्वतःहून सांगतच नाही. गवताझुडपातल्या माइट नावाच्या बारीक किड्याचं पिल्लू तिथे चावलेलं असतं आणि त्यातून होणारा ताप म्हणजे स्क्रब टायफस. नावावर जाऊ नका, टायफॉइडशी याचा काही संबंध नाही.

आता गोळीचं. ६२५ म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलीन आणि १२५ क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. अमॉक्सिसिलीन हे पेनिसिलीनच्या घरातलं, सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन ही त्याची चुलत भावंडं, आणि या सगळ्या खानदानाचं काम एकच, जंतूच्या भोवतीचा गडगा, म्हणजे भिंत, पाडायचा. घशातले, दाढेतले जंतू त्यावर मरतात. काही जंतू उलट औषधच तोडून टाकतात, त्यांना आवरायला ते क्लॅव्हुलॅनिक जोडलेलं असतं आणि किंमत वाढते ती त्याचीच. पण स्क्रब टायफसच्या जंतूला धड गडगाच नाही, वर तो आपल्या पेशींच्या आत जाऊन बसतो, मग पाडणार काय, डोंबल? डॉक्सी म्हणजे डॉक्सीसायक्लीन, टेट्रासायक्लीन गटातली, ती पेशीच्या आत शिरते आणि जंतूची प्रोटीन बनवायची चूलच विझवते. ॲझिथ्रोमायसिन वेगळ्या गटातलं पण काम तसंच, म्हणून गरोदर बाईला शक्यतो ते देतात.

आणि म्हणून ६२५ला नावंही ठेवू नका हं. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, बघा, लावणीच्या चिखलात उंदराच्या नाहीतर गुरांच्या मुतातून पायाच्या भेगांत शिरणारा, त्याच्यावर पेनिसिलीन चालतं, जास्त झालेल्या पेशंटला सलाइनमधून पेनिसिलीन नाहीतर सेफ्ट्रिॲक्झोनच देतात. सुरुवातीला डॉक्सीही चालते. आपल्याकडे पावसाळी तापाला डॉक्टर लवकर डॉक्सी काढतात ते या दोन्ही आजारांची शंका असते म्हणून. डेंग्यूला मात्र यातलं काहीच नाही, तो व्हायरस.

तुमचे ते चार दिवस फुकट गेले हे मात्र खरं, स्क्रबमध्ये उशीर झाला तर फुप्फुसं-किडनीपर्यंत जातं, माणूस दगावतोसुद्धा. उरलेली पट्टी ठेवू नका घरात.

प्रश्न: मालवणहून. जाळ्यातून मासे काढताना शिंगाळ्याचा काटा हातात गेला, सुजलाय. मेडिकलमधून ॲझिथ्रो आणू का?

उत्तर: नको. डॉक्टरला दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते सांगा, आणि काटा माशाचा होता, खारं पाणी लागलं होतं हे मुद्दाम सांगा, कारण समुद्रातले व्हिब्रिओसारखे जंतू साध्या जखमेच्या गोळीला दाद देतीलच असं नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर डॉक्सीबरोबर दुसरं औषध जोडतात. डायबेटिस असेल किंवा दारूने लिव्हर गेलेलं असेल आणि सूज भराभर वर चढायला लागली, फोड आले, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: डॉक्सी घेतल्यापासून छातीत जळजळतं, गिळताना दुखतं. दुधाबरोबर घेऊ का? (गुहागर)

उत्तर: दुधाबरोबर घेतली तर दुधातलं कॅल्शियम तिला चिकटतं आणि अंगात कमी लागते, लोहाच्या गोळीचंही तेच. तुम्ही बहुतेक घोटभर पाण्याने घेऊन लगेच आडवे होताय, गोळी अन्ननलिकेत अडकून तिथेच भाजते. जेवल्यावर पेलाभर पाण्याने घ्या आणि अर्धा तास पडवीत बसून राहा. गिळताना दुखतंय म्हणताय तर डॉक्टरांच्या कानावरही घाला. आणि दुपारच्या उन्हात जाताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, डॉक्सीवर कातडी लवकर भाजते.