शोषण, अवशोषण आणि खुष्की

प्रश्न असा: पातळ प्रकाशीय थरांविषयी लिहिताना 'शोषण' म्हणावे की 'अवशोषण'? आणि 'परावर्तनरोधी थर चकाकी शोषून घेतो' हे वाक्य बरोबर आहे का?

वाक्य साफ चूक, आणि तरी जिथे तिथे कानावर आदळते. १.५२ अपवर्तनांकाच्या काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे १०० नॅनोमीटरचा थर दिला की हिरव्या प्रकाशाचे एका पृष्ठावरचे परावर्तन ४.३ टक्क्यांवरून १.३ टक्क्यांवर येते. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात, आणि तेवढा प्रकाश काचेतून पार जातो. थर ही चकाकी गिळत नाही.

'अवशोषण' हिंदी परिभाषेतून आले. 'शोषण म्हटले की पिळवणूक वाटते' ही त्याच्या कैवाऱ्यांची सबब लंगडी आहे. टीपकागदाने शाई शोषली म्हणून कधी मोर्चा निघाला नाही.

खरी गंमत शब्दाच्या संस्कृत धातूत आहे. शुष् म्हणजे वाळणे, शोषण म्हणजे वाळवणे. मदनाच्या पाच बाणांतला 'शोषण' तो हाच. शुष्कपासून सुका, सुकणे. तोच शब्द अवेस्तात हुश्क, फारसीत खुश्क, आणि तिथून मराठीत आली खुष्की! जहाजाने न जाता कोरड्या जमिनीवरून गेलात, तर तो खुष्कीचा मार्ग. 'सोस'ही मी याच घरातला मानतो: घशाला शोष पडला की पाण्याची तळमळ, आणि तळमळीचा पुढे हव्यास. पटत नसेल त्याने याहून बरे मूळ दाखवावे.

थरातही थोडा प्रकाश खरोखर आटतो आणि त्याची उष्णता होते. किती आटतो? एका फेरीत साधारण ४π गुणिले एक्स्टिंक्शन गुणांक (पदार्थ प्रकाश किती शोषतो त्याचे माप) गुणिले जाडी, भागिले तरंगलांबी. ५५० नॅनोमीटरला, १०० नॅनोमीटर जाडीत, गुणांक ०.०००१ असेल तर ०.०२३ टक्के, ०.०१ झाला की २.३ टक्के. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये ही उडी ऑक्सिजन कमी पडल्याने बसते. उपाय: थर हळू चढवा, ऑक्सिजनचा दाब वाढवा, नंतर हवेत ३०० अंश सेल्सियसच्या आसपास काही तास भाजा. दाब फार वाढवलात तर थर सच्छिद्र होऊन अपवर्तनांक घसरतो. फार तापवलात तर स्फटिक वाढून प्रकाश विखुरतो. मग १०० मधून परावर्तन आणि पारगमन वजा करून उरलेला सगळा आकडा शोषणाच्या खात्यावर टाकणारे आहेतच. त्यात प्रकीर्णनही, म्हणजे विखुरलेला प्रकाशही, असतो. तो आधी वेगळा मोजा.