पाटी ‘पोलीस’, गाडी गेटसमोर

(या वेळी नाशिकच्या वेगवेगळ्या भागांतून आलेली पत्रे एकाच दुखण्याची आहेत. पत्रलेखकांची नावे काढली आहेत, भाग तेवढे ठेवले आहेत.)

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटच्या गेटला खेटून शेजारच्या बंगल्यातले पोलीस उपनिरीक्षक रोज रात्री त्यांची स्वतःची एसयूव्ही लावतात. काचेत ‘पोलीस’ अशी पाटी. पाण्याचा टँकर आत येत नाही. वाहतूक पोलिसांना फोन केला, ते आले, पाटी वाचली आणि निघून गेले. पुढे काय करायचं? – गोविंदनगर

उत्तर : सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. गाडी सरकारी आहे की त्यांच्या नावावरची? परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर नंबर टाकला की मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं का होईना, दिसतं. खासगी गाडी असेल तर काचेतल्या पाटीला कायद्यात काडीचीही किंमत नाही. ड्युटीवरची सरकारी बोलेरो चालकासह दहा मिनिटं थांबली असेल, तर ती तक्रार करूच नका, टिकणार नाही. रात्रभर कुलूपबंद उभी असलेली खासगी गाडी हे साधं पार्किंगचं प्रकरण आहे आणि ते तसंच मांडायचं.

कायदा इथे तुमच्या बाजूचा आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत मालमत्तेच्या प्रवेशद्वारासमोर, फुटपाथवर, बस थांब्याजवळ आणि आधीच उभ्या गाडीला लागून दुसऱ्या रांगेत गाडी लावायला सरळ मनाई आहे. दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली : पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुढे १५०० पर्यंत. पार्किंगला मनाई असलेल्या जागी उभी गाडी उचलायला किंवा जॅमर लावायला कलम १२७ आहे, मात्र तो हुकूम त्या हद्दीतल्या गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्यानेच द्यायचा असतो.

बहुतेक तक्रारी फोटोपाशी मरतात. लोक नंबर प्लेट इतकी जवळून काढतात की गाडी गोविंदनगरला आहे की गंगापूर रोडला, हे चलन करणाऱ्याला कळत नाही. तीन फोटो हवेत. एक लांबून, ज्यात गेट, इमारतीचं नाव आणि गाडी एका चौकटीत येईल. दुसरा नंबर प्लेटचा. तिसरा अर्ध्या तासानंतर त्याच कोनातून, म्हणजे ‘आत्ताच लावली होती’ हे उत्तर बंद होतं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवून पाठवू नका, त्यात फाईलमधली तारीख-वेळेची नोंद गळून पडते. मूळ फाईल जपा. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण हवं असेल तर लगेच पेन ड्राइव्हवर काढा, कारण डीव्हीआरची डिस्क भरली की तो जुनं पुसून वर नवं लिहितो. प्रकरण पुढे कोर्टात गेलंच, तर त्या चित्रणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल.

फोटो आधी वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर टाका. तिथे नागरिकांना नियमभंग कळवायची सोय आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. खरी चाल कागदाची, आणि नाशिकमध्ये इथेच गल्लत होते. शहर आयुक्तालय वेगळं, नाशिक ग्रामीण पोलीस दल वेगळं आणि त्र्यंबक रोडवरची महाराष्ट्र पोलीस अकादमी आणखी वेगळी. राहायला शहरात आणि नेमणूक ग्रामीणला, असे अधिकारी कितीतरी. म्हणून अर्ज दोन करायचे. जागेचा अर्ज सहायक पोलीस आयुक्त, वाहतूक शाखा, नाशिक शहर यांना : अमुक गेट, अमुक नंबर, अमुक तारखा, दंड करा आणि गाडी हटवा. वर्तनाचा अर्ज त्यांच्या नेमणुकीच्या वरिष्ठांना. शहरात असतील तर पोलीस आयुक्त, ग्रामीणला असतील तर पोलीस अधीक्षक, अकादमीत असतील तर संचालक. या दुसऱ्या अर्जात महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधल्या नियम ३ चा उल्लेख करा. सरकारी नोकराने पदाला न शोभणारं वागू नये, असं तो सांगतो. ग्रामीणच्या अधिकाऱ्याची तक्रार शहर आयुक्तांकडे केली, तर ती ‘योग्य कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून टेबलं बदलत राहते.

अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर, सभेच्या ठरावासह, सचिवांच्या सहीने द्या. एकट्याच्या नावाने दिलेला अर्ज शेजाऱ्या-शेजाऱ्यांतलं भांडण ठरतो. निनावी अर्जाला तर कोणी हात लावत नाही. ‘माज’, ‘दादागिरी’, ‘हप्ता’ हे शब्द अर्जात नकोत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, नाहीतर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. महिना गेला तरी हालचाल नसेल तर आपले सरकार पोर्टलवर तोच अर्ज, आवक क्रमांकासकट.

टँकरऐवजी रुग्णवाहिका अडकली असेल तर मात्र अर्ज-बिर्ज काही नाही, ११२ लावा आणि ‘रुग्ण आत आहे, गाडी आडवी आहे’ एवढंच सांगा. त्या कॉलची नोंद राहते आणि पुढच्या अर्जाला तिचं वजन येतं.

प्रश्न : कंपाउंडवर आम्ही ‘नो पार्किंग’ रंगवलं आहे. समोर गाडी लावणारे पोलीस हवालदार म्हणतात, ‘अधिसूचना दाखवा.’ – इंदिरानगर

उत्तर : अर्धं त्यांचं खरं आहे. नो पार्किंगचा पट्टा पोलीस आयुक्तांच्या अधिसूचनेने ठरतो आणि त्याचा अधिकृत फलक रस्त्यावर लागतो. तुमच्या भिंतीवरचा रंग म्हणजे विनंती. पण गेट अडवायला अधिसूचनेची गरजच नाही, ती मनाई विनियमांतच आहे. म्हणून गाडी नेमकी कुठे उभी राहते ते पाहा. गेटच्या तोंडाशी असेल तर वर सांगितलेली वाट धरा. गेटपासून दूर, भिंतीला समांतर, इतर चार गाड्यांसारखी उभी असेल, तर रस्ता सार्वजनिक आहे आणि हवालदारांना तिथे तुमच्याइतकाच हक्क आहे. हे वाचायला बरं वाटणार नाही. गल्ली फारच अरुंद असेल तर एका बाजूला कायमची मनाई किंवा सम-विषम तारखांचं पार्किंग मागा. अर्ज वाहतूक शाखेला द्या आणि सोबत रस्त्याची रुंदी फुटांत मोजून हाताने काढलेला नकाशा जोडा. नकाशा असला की जागेची पाहणी लवकर होते.

प्रश्न : पोलिसांनीच नियम मोडला तर दंड दुप्पट, असं ऐकलं. खरं का? – पंचवटी

उत्तर : मोटार वाहन कायद्याचं कलम २१०-ब. २०१९ च्या दुरुस्तीने आलं. कायदा राबवण्याचा अधिकार असलेल्या ‘प्राधिकाऱ्याने’ गुन्हा केला तर दंड दुप्पट. सरकारी गाडी चुकीच्या जागी लावली तर हे कलम अर्जात जरूर लिहा. सुट्टीवरच्या शिपायाच्या स्वतःच्या मोटारसायकलला ते लागतं का, यावर वाद घालता येतो, आणि त्या वादात मूळचं ५०० रुपयांचं चलनही लटकतं. खासगी गाडीसाठी १७७ पुरेसं आहे.

प्रश्न : सोसायटीत भाड्याने राहणारे एक पोलीस निरीक्षक माझ्या नावच्या जागेत गाडी लावतात. वाहतूक शाखा म्हणते, आत येणार नाही. – कॉलेज रोड

उत्तर : बरोबर म्हणते. आवाराच्या आतला मामला सहकार कायद्याचा. भाडेकरूशी नव्हे, घरमालक सभासदाशी पत्रव्यवहार करा, सोसायटी त्यालाच जबाबदार धरू शकते. समितीने उपविधींनुसार नोटीस काढावी, दंड लावावा. त्याने भागलं नाही तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. पण आधी सोसायटीने दिलेलं पार्किंगचं वाटपपत्र शोधा. ‘बिल्डरकडून पार्किंग विकत घेतलं’ एवढ्यावर विसंबून असाल तर जपून : मोकळी किंवा स्टिल्ट (इमारतीखालच्या खांबांमधल्या) पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद प्रकरणात सांगितलं आहे. सोसायटीचा वाटपाचा ठराव नसेल, तर निरीक्षक आणि तुम्ही एकाच पायरीवर उभे आहात.

प्रश्न : पोलीस ठाण्याबाहेर जप्त केलेल्या गाड्या वर्षानुवर्षं रस्ता अडवून पडल्या आहेत. फुटपाथ संपलाच. कोणाला बोलायचं? – नाशिकरोड

उत्तर : या गाड्या एकाच खात्याच्या नसतात, आणि त्या हलत नाहीत याचं मोठं कारण हेच. अपघाताच्या आणि चोरीच्या गाड्या म्हणजे कोर्टाचा मुद्देमाल. वाळूचे ट्रॅक्टर-डंपर महसूल खात्याचे, त्यांचा निर्णय तहसीलदारांकडे. दारूच्या केसमधल्या काही राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या. बेवारस ती चौथी जात. ठाणे अंमलदार ‘कोर्टाचा आदेश नाही’ म्हणतो, ते पहिल्या प्रकाराला लागू आहे; बाकीच्यांना नाही.

आणि कोर्टाच्या मुद्देमालालाही वर्षं लागायचं कारण नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं की अशा वस्तू ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्यापेक्षा जास्त पडू नयेत : पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घेऊन मालकाला द्या, मालक येत नसेल तर लिलाव. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने मुदतीच घातल्या आहेत. मुद्देमाल कोर्टापुढे आला की १४ दिवसांत त्याचं विवरण, फोटो किंवा चित्रीकरण, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. अडतं कुठे? विमा संपलेली, कर्ज थकलेली गाडी सोडवायला मालक फिरकत नाही, आणि लिलावाचा प्रस्ताव ठाण्याने स्वतःहून कोर्टापुढे ठेवायचा असतो. ते काम मुद्देमाल कारकुनाच्या ढिगाऱ्यात तळाशी जातं.

तुम्ही एका रविवारी यादी करा. दिसतील तेवढे नंबर, किती फूट रस्ता अडला, किती गाड्या फुटपाथवर. मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, आणि विचारा : ठाण्याच्या ताब्यात आज किती वाहने आहेत, वर्षनिहाय, गेल्या तीन वर्षांत लिलावाचे किती प्रस्ताव पाठवले. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. अधिकाऱ्याचं नाव, त्याच्यावरची कारवाई असलं विचारलंत तर त्याच कायद्याचं कलम ८(१)(ञ) दाखवून वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील आणि कामाचा प्रश्नही त्यासोबत बुडेल.

दुसरी वाट महापालिकेची, आणि आमच्या मते तीच लवकर फळते. टप गेलेल्या जीपच्या तळाशी, उलट्या पडलेल्या टायरमध्ये पावसाचं पाणी साचतं आणि त्यात अळ्या वळवळताना दिसतात. त्याचा जवळून फोटो काढा आणि मलेरिया विभागाच्या नावाने महापालिकेच्या एनएमसी ई-कनेक्ट अ‍ॅपवर तक्रार टाका. रस्ता अडल्याची तक्रार फिरत राहते, डेंगीच्या अळ्यांची तक्रार आली की माणूस येऊन पाहून जातो आणि ठाण्याला पत्र जातं. ते पत्र पुढच्या लोकशाही दिनाच्या अर्जाला जोडा. लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोर बसून ऐकतात तो दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो.

प्रश्न : चिडून मुलाने त्या पोलिसाच्या गाडीची हवा सोडली. आता ते ‘सरकारी कामात अडथळा’ लावतो म्हणतात. – सिडको

उत्तर : उभ्या खासगी गाडीची हवा सोडणं म्हणजे सरकारी कामात अडथळा नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ ला कर्तव्यावरच्या लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. पण व्हॉल्व्ह तुटला असेल, टायर रिमवर बसून कापला गेला असेल, तर नुकसानीचं कलम ३२४ लागू शकतं, आणि तुमची मूळ तक्रार त्या क्षणी दुय्यम झाली. असल्या प्रकरणात ठाणं बहुधा दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस (शांतता राखण्याची हमी लिहून घेण्याची कारवाई) करतं. तिचा कागद मुलाच्या पासपोर्टच्या पडताळणीत पुढे येऊ शकतो. टायरचा खर्च भरून द्या, तो पावतीसह. चार प्रतिष्ठित शेजाऱ्यांसमोर बसून मिटवा आणि मिटल्याचं दोघांच्या सहीने लिहून घ्या. गाडी गेटसमोर लावण्याबद्दलचा अर्ज महिनाभराने, सोसायटीमार्फत द्या. मुलाचं नाव त्यात कुठेही नको.