पुणे की हैदराबाद? आधी विमा कोणाचा आहे ते पाहा

नांदेडच्या एका वाचकांचे पत्र आहे. वय ३८, औषध कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार ८५ हजार रुपये. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत १४ वर्षांपासून शिक्षिका असून त्यांच्या हातात ६० हजार येतात. मुलगी साडेनऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा, घर स्वतःचे, आई-वडील सोबत. कंपनी बढती देऊन पुण्याला १ लाख २० हजार किंवा हैदराबादला १ लाख ४० हजार देण्यास तयार आहे. मुले वाढवण्यासाठी यांपैकी कोणते शहर निवडावे, असा त्यांचा प्रश्न आहे. ‘पत्नी नोकरी सोडणारच आहे’ आणि ‘मुलांच्या शिक्षणाची सोय दोन पॉलिसी घेऊन केलेली आहे’ ही वाक्ये त्यांनी जाता जाता लिहिली आहेत. माझे उत्तर मुख्यतः त्या दोन वाक्यांना आहे.

विचारलेल्या प्रश्नाचे आधी पाहू. नांदेडकरांना हैदराबाद परके नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो आणि आजही रस्त्याने ते पुण्यापेक्षा बरेच जवळ आहे. आई-वडिलांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. परंतु मुलीला डॉक्टर करायचे आहे असे तुम्ही लिहिता, आणि तेथे अंतर नव्हे, नियम मोजावे लागतात. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून एमबीबीएसला जायचे तर अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, तर तेलंगणात स्थानिक विद्यार्थी ठरण्यासाठी बारावीपर्यंतची सलग चार वर्षे तेथे शिकलेली असावी लागतात. म्हणजे हैदराबादला जायचे असेल तर मुलीच्या नववीच्या आत जावे आणि बारावीपर्यंत तेथून हलू नये. मध्येच कंपनीने पुन्हा बदली केली, तर मुलगी ना इकडची राहील ना तिकडची. शिवाय २०१८ च्या कायद्याने तेथील शाळांत तेलुगू सक्तीची आहे. पाच वर्षांच्या मुलाला ती सहज येईल, मुलीला मात्र त्रास होईल.

मराठवाड्यात राहून मेडिकलला जागा मिळत नाहीत, हे तुमचे म्हणणे ७०:३० च्या प्रादेशिक कोट्याच्या (७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, ३० टक्के राज्यभरातल्यांना) काळातले आहे. तो कोटा २०२० मध्ये रद्द झाला. ‘नीट’च्या तयारीसाठी इतर जिल्ह्यांतली मुले लातूरला आणि तुमच्याच नांदेडला खोल्या घेऊन राहतात, आणि तुम्ही त्याच कारणासाठी नांदेड सोडायला निघाला आहात!

आता पैशांचे. तुम्हीच दिलेले आकडे घेतो. आज घरात दोघांचे मिळून १ लाख ४५ हजार येतात, भाडे नाही आणि दोन्ही मुलांच्या शाळेचा खर्च महिन्याला सात हजार पडतो; म्हणजे १ लाख ३८ हजार उरतात. पुण्यात एकट्याच्या १ लाख २० हजारांतून भाड्याचे २८ आणि शाळांचे १८ हजार वजा केले की ७४ हजार राहतात. हैदराबादला १ लाख ४० हजारांतून भाड्याचे ३० आणि शाळांचे २२ हजार गेले की ८८ हजार. दोन शहरांची तुलना करताना तुम्ही पगाराचा आकडा पगाराच्या आकड्याशेजारी ठेवलात, परंतु जो पगार बंद होणार आहे तो कोठेच लिहिला नाही. बढतीचे पेढे वाटून हे घर महिन्याला किमान ५० हजारांनी, म्हणजे वर्षाला सहा लाखांनी मागे जाणार आहे. पत्नीचा पगार हा तुमच्या घरातला जोडपगार नाही, निम्म्याच्या जवळ जाणारा खांब आहे. तो काढल्यावर सगळा भार तुमच्यावर येतो.

म्हणूनच मी पॉलिसींची कागदपत्रे मागवली. दोन्हींच्या पहिल्या पानावर ‘विमाधारक’ या शब्दापुढे मुलांची नावे आहेत: एका पानावर मुलीचे, दुसऱ्यावर मुलाचे. तुमचे नाव केवळ प्रस्तावक, म्हणजे अर्ज करून हप्ते भरणारा, म्हणून आहे. तुमचे काही बरेवाईट झाले तर पुढचे हप्ते माफ व्हावेत यासाठी जे पूरक कलम घ्यावे लागते, तेही घेतलेले नाही. याचा अर्थ असा की कमावता माणूस गेला तर विमा कंपनी काही देणार नाही, उलट घरच्यांनी वर्षाला १ लाख ८० हजारांचे हप्ते भरत राहायचे. ज्यांच्या कमाईवर कोणीही अवलंबून नाही अशा दोन लेकरांचा विमा काढून बापाला उघडे ठेवण्याची ही पद्धत मी वीस वेळा तरी पाहिली असेल, आणि प्रत्येक वेळी विकणारा घरातलाच असतो. येथे तो तुमचा मेव्हणा आहे.

माहितीपत्रकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘पैसे दुप्पट’ असे लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. प्रत्येक पॉलिसीत ९० हजारांचे १५ हप्ते, म्हणजे साडेतेरा लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी २७ लाख घ्यायचे. ऐकायला छान वाटते, परंतु हिशेब केला तर परतावा वर्षाला सव्वापाच टक्के पडतो, आणि तोही बोनस सांगितल्याप्रमाणे मिळाला तर. पोस्टातल्या पीपीएफवर सध्या ७.१ टक्के मिळतात. त्याहून गंमत तारखेची आहे: मुलीची पॉलिसी ती सव्वीस वर्षांची झाल्यावर पिकते. बारावीनंतरची फी भरण्याची वेळ तिच्या अठराव्या वर्षी येणार आहे.

तीन हप्ते भरून झाले आहेत. चौथा भरण्यापूर्वी सरेंडर केल्यास, म्हणजे पॉलिसी मोडल्यास, किती मिळतील आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते न भरता ती तशीच ठेवल्यास, शेवटी किती मिळतील, हे दोन आकडे विमा कंपनीकडून लेखी घ्या. सरेंडरला भरलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी हाती येण्याची तयारी ठेवा. पाच लाख चाळीस हजार अडकले म्हणून आणखी २१ लाख ६० हजार घालणे हा तोडगा नव्हे. नवा विमा हातात येईपर्यंत जुना बंद करू नये, असे मी नेहमी सांगतो. येथे ते लागू पडत नाही, कारण जुन्यात तुमचे संरक्षण नाहीच.

तुमच्या नावाने साठाव्या वर्षापर्यंतचा दीड कोटीचा साधा मुदत विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या. तंबाखू नसेल तर वर्षाचा हप्ता तीस हजारांच्या आसपास बसेल, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा वैयक्तिक हप्त्यांवर जीएसटीही नाही. तंबाखू असेल तर प्रस्तावात खरे लिहा. दावा नाकारण्याचे कारण आपणच देऊ नये. कंपनीच्या दहा लाखांच्या गटविम्यावर विसंबू नका, तो नोकरीबरोबर संपतो. आजच्या हप्त्यांच्या १ लाख ८० हजारांतून उरलेल्या दीड लाखातून मुलीचे सुकन्या समृद्धी खाते उघडा आणि ते तिला दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच उघडा, नंतर ते उघडता येत नाही. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी वर्षाला ९० हजार टाकले तर तिच्या अठराव्या वर्षापर्यंत सव्वाबारा लाखांच्या आसपास जमतील आणि शिक्षणासाठी त्यातली निम्मी रक्कम काढता येईल. मुलासाठी वेळ आहे. महिन्याला पाच हजार निर्देशांक फंडात (निफ्टीसारख्या निर्देशांकातल्या शेअरांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात) जाऊ द्या.

पत्नीने राजीनामा लिहू नये. बढती घ्यायचीच असेल तर पुणे घ्या, कारण मुलीची दहावी-बारावी महाराष्ट्रातच राहते आणि आंतरजिल्हा बदलीचा मार्ग, ज्येष्ठता गमावून का होईना, कागदावर तरी आहे. हैदराबादसाठी तो मार्गच नाही. बदली मिळेपर्यंत मुले आजी-आजोबांजवळ नांदेडला, तुम्ही पुण्याला एका खोलीत, अशी दोन-तीन वर्षे काढणे जमत नसेल, तर बढती नाकारून ८५ हजारांवर राहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पॉलिसी बंद केली तर मेव्हण्यांना काय सांगू, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. पहिल्या वर्षाचे, म्हणजे सर्वांत मोठे कमिशन त्यांना केव्हाच मिळाले आहे. त्यांना काही सांगू नका. वरचे दोन आकडे लेखी आणून द्या, एवढे काम त्यांच्याकडे द्या.